राजबंदरापर्यंत

घारापुरीची सहल भायखळ्याहून सुरू होणार, हे कळल्यावर बावीस जणांच्या त्या गटात थोडी चुळबुळ झाली. बेटावर जायचं तर गेटवेला जमायचं, एवढं मुंबईतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण पुरातत्त्व शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या आणि पहिल्या तासाभरातच सगळ्यांच्या ‘ताई’ झालेल्या मार्गदर्शिकेनं मार्गशीर्षातल्या त्या रविवारी सकाळी दहाला सगळ्यांना राणीच्या बागेच्या दारात बोलावलं होतं. सांगलीहून आलेलं निवृत्त शिक्षक दांपत्य, दादरच्या चार मैत्रिणी, कॉलेजात वास्तुकला शिकणारी दोन मुलं, पुण्याचं एक कुटुंब, अशी ती सगळी मंडळी पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या घेऊन बागेत शिरली.

डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. बागेत येणारी मुलं पेंग्विन बघायच्या ओढीनं त्याच्यासमोरून धावत जातात. त्याच्या अंगावर सांधे आहेत, कडा झिजलेल्या आहेत आणि जवळ गेल्याशिवाय तो फारसा देखणाही वाटत नाही. पण ज्या बेटाला अवघं जग ‘एलिफंटा’ म्हणून ओळखतं, त्या नावातला हत्ती तो हाच. सोळाव्या शतकात पोर्तुगीज बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला उतरले, तेव्हा धक्क्याजवळ त्यांना हा दिसला आणि त्यांनी त्या जागेला हत्तीचं बेट म्हणायला सुरुवात केली. १८१४ पर्यंत त्याचं डोकं आणि मान गळून पडली होती. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं. उचलताना यारी तुटली, हत्ती खाली कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढची पन्नास वर्षं ते तुकडे तसेच होते. १९१४ साली ते जुळवून त्याला या बागेत पुन्हा उभा केला.

‘हा जिथं उभा होता, तिथं आज संध्याकाळी आपण पोचणार आहोत,’ ताई म्हणाल्या. ‘बेटावर येणारे बहुतेक लोक तिथं जात नाहीत. ते लेणं बघून परत फिरतात.’

सहलीचा सगळा बेत या वाक्यात होता. घारापुरी म्हणजे त्रिमूर्ती, आणि त्रिमूर्ती म्हणजे दीड तास, असा हिशोब मुंबईकरांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. हा हिशोब बेटावर अन्याय करणारा आहे. तिथं एक बंदर होतं, एक राजधानी असावी, एका संप्रदायाचं मोठं देवस्थान होतं, तोफखाना होता, आणि आजही तीन वाड्या नांदत्या आहेत. लेणं या सगळ्याच्या मधोमध आहे. भोवतालचं सोडून नुसतं लेणं पाहणं म्हणजे पुस्तकातलं एकच पान फाडून वाचण्यासारखं आहे.

गेटवेहून लाँच सुटली तेव्हा ऊन चढलं होतं. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास, पण लाँचला तासभर लागतो, आणि तो तास वाया जात नाही. मागं १९०३ सालचं ताज आणि १९२४ साली पुरं झालेलं गेटवे लहान होत जातं, डाव्या हाताला नौदलाच्या राखी रंगाच्या युद्धनौका उभ्या असतात. पुढं जवाहर द्वीप लागतं, तेच जुनं बुचर आयलंड. कच्च्या तेलाची जहाजं तिथं रिकामी होतात. उत्तरेला तुर्भ्याचा डोंगर आणि अणुसंशोधन केंद्राचा घुमट, पूर्वेला न्हावाशेवा बंदराच्या उंच याऱ्या, आणि या दोहोंच्या मधून क्षितिजावर ओढलेल्या रेघेसारखा अटल सेतू. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेल्या या २१.८ किलोमीटरच्या पुलाचा साडेसोळा किलोमीटर भाग समुद्रावर आहे. वास्तुकलेच्या मुलांच्या नजरा त्याच्यावरच खिळल्या होत्या.

लाँचच्या मागून कुरव पक्ष्यांचा थवा येत होता. हिवाळ्यात मुंबईच्या खाडीवर दिसणाऱ्या या पाहुण्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख आणि तिबेटच्या उंचावरच्या सरोवरांकाठी अंडी घालतात. प्रवासी त्यांच्याकडे गाठिया भिरकावत होते. ताईंनी आपल्या गटाला तेवढं टाळायला सांगितलं. खारट-तळलेलं खाणं पाखरांच्या पोटाचं नाही, हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मुलानंही आपली पुडी बंद केली.

बेट जवळ येतं तसे दोन डोंगर वेगळे दिसायला लागतात, मध्ये खिंड. माथे सुमारे दीडशे मीटर उंचीचे. सगळा दगड बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचाच सख्खा भाऊ, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घट्ट झालेला. पश्चिमेच्या डोंगरात पाच शैव लेणी आहेत. पूर्वेच्या डोंगराकडे दोन बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. ते अवशेष इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागं जातात. म्हणजे महादेव इथं येण्याच्या कितीतरी आधी भिक्खू येऊन गेले होते, आणि भिक्खू जिथं जात तिथं व्यापारी आधी पोचलेले असत. मोराबंदरच्या किनाऱ्याजवळ रोमन मद्यकुंभांचे तुकडे सापडलेले आहेत. तांबड्या समुद्रातून आलेली जहाजं कल्याण, सोपारा, चौल या बंदरांकडे जाताना या खाडीत शिरत असत. त्या वाटेवरचं हे बेट ओसाड राहणं शक्यच नव्हतं.

आताचा धक्का बेटाच्या उत्तर अंगाला आहे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ आणि चिखल फार, म्हणून लांबच लांब बांध घालून बोटी थोड्या खोल पाण्यात लावतात. बांधावरून मुलांची गाडी चालते. दोन्ही बाजूंना तिवरं आहेत, आणि भरती ओसरली की त्यांची श्वासमुळं चिखलातून हजारो बोटांसारखी वर आलेली दिसतात. सांगलीच्या गुरुजींना ती इतकी आवडली की गाडी सोडून ते चालतच निघाले, आणि मग सगळा गटच चालत निघाला.

बांध संपला की शंभर-सव्वाशे पायऱ्या. वर निळ्या ताडपत्रीचं छत, दोन्ही अंगांना दुकानं: मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या, तिखटमीठ लावलेली काकडी, बोरं, कैऱ्या. चढण ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली आहे, चार माणसं खांद्यावर घेऊन वर नेतात. ही दुकानं आणि डोल्या बेटावरच्या घरांची चूल पेटवतात. कित्येक पर्यटकांना त्यांची दाटी नको वाटते, पण इथल्या माणसांना देशाच्या वारशातून मिळणारा वाटा एवढाच आहे, हे पायऱ्या चढताना ध्यानात ठेवायला हवं.

लेण्यात शिरण्याआधी ताईंनी गटाला बाहेरच्या झाडाखाली बसवलं. एक जुना, हरवलेला दगड त्यांना आधी दाखवायचा होता, म्हणजे त्याची गोष्ट सांगायची होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस दियोगो दो कौतो या पोर्तुगीज इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे की लेण्याच्या दाराशी एक कोरीव लेख होता. तो इथं कुणाला वाचता येईना, म्हणून पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला. तिथंही वाचणारा मिळाला नाही, आणि पुढं तो लेख कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. बेट पोर्तुगीजांच्या हाती आलं १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशहाशी झालेल्या वसईच्या तहानं. त्यानंतरच्या काही वर्षांतच हे घडलं.

त्या एका दगडाबरोबर लेण्याचा जन्मदाखलाच गेला. कुणी कोरलं, कोणत्या राजानं खर्च केला, कोणत्या साली, हे सगळं तेव्हापासून अंदाजावर आलं. चालुक्य, राष्ट्रकूट, कोकणचे मौर्य, अशी नावं पुढं आली. आज अभ्यासकांचा कल सहाव्या शतकाच्या मध्याकडे आणि कलचुरी राजा कृष्णराज याच्याकडे आहे. बेटावर त्याची नाणी मोठ्या संख्येनं सापडली आहेत. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानं अजिंठ्यापासून घारापुरीपर्यंतच्या लेण्यांचा काळक्रम लावताना या नाण्यांवर बराच भर दिला. इथं खपणाऱ्या पाथरवटांची मजुरी या नाण्यांत चुकती झाली असावी, असा त्यामागचा तर्क आहे. राजाचा लेख गेला, पण मजुराच्या हातून मातीत पडलेली नाणी राहिली.

‘पुरी’ या गावाचा प्रश्नही असाच अवघड आहे. ऐहोळे इथल्या ६३४ सालच्या लेखात दुसऱ्या पुलकेशीनं आरमार घेऊन पुरी या समुद्रकाठच्या वैभवशाली नगरीवर चाल केल्याचं वर्णन आहे. काही विद्वान ती पुरी म्हणजे घारापुरीच, असं मानतात. काहींचं बोट दक्षिणेला जंजिऱ्याजवळच्या राजपुरीकडे जातं. ताईंनी दोन्ही बाजू मांडल्या आणि निकाल दिला नाही. मार्गदर्शकानं असंच असावं. जो प्रत्येक प्रश्नाचं ठाम उत्तर देतो, तो ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा ओढतो.

मग मंडळी आत गेली. उत्तरेच्या दारातून शिरताना पहिल्या क्षणी काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हातून आलेले डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. तिथंच उभं राहायचं, कुणी मोबाइलचा दिवा लावायचा नाही, अशी ताईंची अट होती. दोन-तीन मिनिटं गेली. आधी खांब दिसू लागले, खाली चौकोनी, वर गोल आणि पन्हाळीदार, डोक्यावर दाबलेल्या उशीसारखं शीर्ष. मग खांबांच्या रांगेच्या पार टोकाला, दक्षिणेच्या भिंतीत, अंधारापेक्षा किंचित उजळ असं काहीतरी. हळूहळू त्याचा एक चेहरा झाला, मग तीन.

समोरच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत जवळजवळ चाळीस मीटर खोल असा हा मंडप डोंगर आतून पोखरून केलेला आहे. बांधकाम असतं तर खांबांनी छत पेललं असतं. इथं छत म्हणजे खुद्द डोंगर, आणि खांब म्हणजे कोरताना सोडून दिलेला दगड. चूक दुरुस्त करायला जागा नाही. वेरूळचं एकोणतिसावं लेणं, धुमार लेणं, ज्यांनी पाहिलं आहे त्यांना आराखडा ओळखीचा वाटतो. जोगेश्वरीच्या लेण्याशीही नातं सांगता येतं, पण तिथं भिंतींची फार झीज झाली आहे.

या मंडपाला दोन दिशा आहेत, आणि हे कळलं की लेणं उलगडायला लागतं. पूर्वेकडून आलेल्या भक्ताला सरळ समोर लिंगाचं गर्भगृह दिसतं, चारही बाजूंना दारं असलेलं, प्रत्येक दाराशी दोन याप्रमाणे आठ भव्य द्वारपाल. उत्तरेकडून येणाऱ्याला सरळ समोर सदाशिव दिसतो. म्हणजे निराकार लिंग आणि साकार मूर्ती, दोन्ही एकाच छताखाली, एकमेकांना काटकोनात. या रचनेत त्या काळच्या पाशुपत पंथाचं तत्त्वज्ञान असल्याचं अभ्यासक मानतात. उत्तरेच्या दारातच डाव्या हाताला योगासनात बसलेला शिव आहे. त्याच्यात लकुलीशाची, म्हणजे पाशुपतांच्या आचार्याची, खूण अनेकांना दिसते. त्याच्या समोर, उजवीकडे, नटराज. एक पूर्ण स्थिर आणि दुसरा पूर्ण गतिमान, अशा दोन टोकांच्या मधून पाहुणा आत येतो. नटराजाचे बहुतेक हात तुटलेले आहेत. तरी धडाचा जो झोक आहे त्यावरून नाच थांबलेला नाही हे कळतं.

दादरच्या मैत्रिणी सगळ्यात जास्त वेळ रमल्या त्या शिवपार्वतीच्या लग्नापाशी. गर्भगृहाच्या नैऋत्येला, कोपऱ्यात असलेलं हे शिल्प. पार्वती शिवाच्या उजव्या हाताला उभी आहे, कारण लग्न लागायचं आहे. विधी पुरा झाला की वधू डावीकडे येते. तिची मान थोडी झुकलेली. मागून वडील, हिमवान, तिला हळुवार पुढं करताहेत. खाली अग्नीपाशी ब्रह्मदेव भटजी होऊन बसले आहेत. डोक्यामागं चंद्रकोर असलेला चंद्र अमृताचा घट घेऊन आला आहे. कुठल्याही मराठी घरातल्या लग्नाचा फोटो असावा तशी माणसं आपापल्या जागी उभी आहेत. मैत्रिणींपैकी एकीनं मुलीच्या बापाचा हात दाखवून ‘हे बघ, हा ढकलत नाही, सोडतोय,’ असं म्हटलं आणि थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

याच्या अगदी समोर अंधकासुराचा वध. शिवाचे डोळे बटबटीत, दात ओठांतून बाहेर, वरती हत्तीचं कातडं पसरलेलं. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की त्यातून नवा अंधक उठतो, म्हणून एका हातात रक्त झेलायला पात्र आहे. खालचा सगळा भाग तुटून गेलेला. ही मोडतोड पोर्तुगीज सैनिकांनी नेमबाजीच्या सरावासाठी केली, असं सर्रास सांगितलं जातं. सोळाव्या-सतराव्या शतकात मूर्तींची नासधूस झाली यात शंका नाही. पण सगळ्याच जखमांचा दोष एकाच हाताला लावता येत नाही, असंही काही अभ्यासक म्हणतात. शतकानुशतकं झिरपणारं पाणी, समुद्राची खारी हवा आणि बेसॉल्टच्या भेगा यांनीही आपलं काम केलंच आहे. पायाशी पाणी साचतं, तिथं दगड आधी सुटतो, आणि बहुतेक मूर्तींचे पाय गेले आहेत.

आणि मग दक्षिणेची भिंत. मंडळी तिथं पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजून गेले होते, पश्चिमेच्या चौकातून तिरपा उजेड आत येत होता. ताईंनी ही वेळ मुद्दाम राखली होती.

सदाशिवाची ही मूर्ती साडेपाच मीटरला जेमतेम कमी, नुसती छातीपासून वर. तिला त्रिमूर्ती म्हणायची सवय इतकी जुनी आहे की ब्रह्मा, विष्णू, महेश अशी तीन नावं शाळेतल्या मुलांच्या तोंडून आजही येतात. पण हे तीनही चेहरे शिवाचेच आहेत. मधला तत्पुरुष, शांत, डोळे मिटल्यासारखे, ओठ जाड आणि पूर्ण. पाहणाऱ्याच्या डाव्या हाताचा अघोर, मिशा, वाकडी भुवई, हातात नाग. उजव्या हाताचा वामदेव, जवळजवळ स्त्रीचा चेहरा, केसांत मोत्यांच्या लडी, हातात कमळ. चौथा सद्योजात मागं, डोंगराच्या आत आहे असं समजायचं. पाचवा ईशान वर, न दिसणारा. पाच तोंडांच्या देवाची तीन तोंडं कोरायची आणि उरलेली दोन दगडावर आणि आकाशावर सोपवायची, हे धाडस ज्याला सुचलं त्याचं नाव त्या हरवलेल्या लेखात होतं की नाही, कोण जाणे.

दोन्ही बाजूंची शिल्पं घाईत सुटून जातात, ती तर अजिबात सुटू नयेत. डावीकडे अर्धनारीश्वर. उजवं अंग पुरुषाचं, नंदीवर हात टेकलेलं, डावं अंग स्त्रीचं, हातात आरसा. एकाच धडात दोन तोल कसे सांभाळायचे हा प्रश्न पाथरवटानं कमरेच्या एका वळणात सोडवला आहे. उजवीकडे गंगाधर. वरून उतरणारी गंगा तीन मुखांची, आणि शेजारी उभी पार्वती किंचित बाजूला वळलेली. नवऱ्याच्या डोक्यावर दुसरी बाई उतरते आहे, हे पाहून तिनं तोंड फिरवलं असावं, असं पुण्याच्या कुटुंबातल्या आजी म्हणाल्या. शिल्पशास्त्राच्या पुस्तकांतही या वळणाचा अर्थ पुष्कळदा असाच लावतात, हे ताईंनी सांगितल्यावर आजींचा चेहरा खुलला.

वास्तुकलेच्या मुलांनी इथं एक गोष्ट टिपली. सकाळच्या उजेडात अघोराच्या बाजूला सावल्या वेगळ्या पडत असणार आणि संध्याकाळी वामदेवाच्या. तीन बाजूंच्या दारांतून येणारा उजेड दिवसभर या चेहऱ्यांवरून सरकतो आणि भाव बदलत जातात. लखलखीत दिवे लावून ही मूर्ती उजळली तर तिचा जीवच जाईल. ती अंधारासाठीच कोरलेली आहे.

१८७५ साली इंग्लंडचा युवराज, पुढं सातवा एडवर्ड म्हणून राजा झालेला, मुंबईला आला तेव्हा याच मंडपात त्याच्यासाठी दिव्यांच्या रोषणाईत मेजवानी झाली. देवाच्या समोर टेबलं मांडली गेली. त्या आधी १७६४ च्या सुमारास कार्स्टन नीबूर हा डेन्मार्कच्या राजाच्या मोहिमेतला एकमेव वाचलेला प्रवासी इथं येऊन लेण्याचे आराखडे आणि चित्रं काढून गेला. युरोपला घारापुरीची नीट ओळख झाली ती त्याच्यामुळे. त्याच शतकात हे बेट मराठी इतिहासातही येतं. १७७४ साली इंग्रजांनी साष्टीबरोबर ते घेतलं, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी, घारापुरी, करंजा ही बेटं त्यांच्याकडेच राहिली. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनं झालेल्या त्या तहाबद्दल शाळेत शिकलेलं असतं, पण त्यातलं एक नाव समोर उभं आहे, हे सांगलीच्या गुरुजींनाही नव्यानं कळलं.

बाकीच्या लेण्यांकडे गटानं फार वेळ दिला नाही. ती अर्धवट आहेत, खचलेली आहेत. तिथून वर तोफांच्या टेकडीकडे वाट जाते. झाडीतून पंधरा-वीस मिनिटांची चढण, माकडांचा त्रास, आणि माथ्यावर इंग्रजांनी बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या दोन अजस्र तोफा. गोलाकार ओट्यावर फिरतील अशा. तिथून दिसणारा देखावा मात्र चढण वसूल करतो: एका बाजूला मुंबईची गगनचुंबी रांग, दुसरीकडे न्हावाशेवाचे रंगीत कंटेनर, खाली तिवरांचा हिरवा काठ, आणि चारी दिशांना संथ सरकणारी जहाजं. जे बंदर रोमन व्यापाऱ्यांनी पाहिलं, पोर्तुगीजांनी घेतलं, इंग्रजांनी तोफांनी राखलं, ते इथं एका नजरेत येतं.

चार वाजून गेल्यावर ताईंनी गट दक्षिणेच्या उताराला वळवला. बहुतेक पर्यटक या वेळी धक्क्याकडे परतत असतात. बेटावर शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर अशा तीन वाड्या आहेत, मिळून हजार-बाराशेच्या घरात वस्ती, रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडणारी. पाहुण्यांना रात्री मुक्कामाला परवानगी नाही. बेट रात्री फक्त गावकऱ्यांचं असतं.

राजबंदरात एक तरुण गावकरी गटाला भेटला. दिवसा तो लेण्यापाशी पर्यटकांना माहिती देतो. त्यानं वीज आली त्या दिवसाची गोष्ट सांगितली. २२ फेब्रुवारी २०१८. न्हाव्याच्या बाजूनं समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज बेटावर आणली. तोवर संध्याकाळचे काही तास जनरेटर चालायचा, डिझेल संपलं की अंधार. समोर मुंबई रात्रभर झगमगत असायची. ‘ताई, आम्ही अभ्यास केला तो तिकडचे दिवे बघत,’ तो म्हणाला, आणि हातानं पश्चिमेकडे दाखवलं. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेली होती, आणि बेट तर १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत होतं. १९८७ आणि २०१८ या दोन सालांमधलं अंतर ऐकून कुणीही अस्वस्थ व्हावं.

आता फ्रिज आले, मासळी टिकते, पंखे आले. पण दवाखान्यासाठी, वरच्या शिक्षणासाठी बोटच लागते. पावसाळ्यात समुद्र खवळला की ती पण नाही. महाशिवरात्रीला उलटं होतं. उरण-न्हाव्याकडून भाविकांच्या बोटी भरभरून येतात, लेण्याच्या लिंगावर फुलं-बेल चढतात, आणि वर्षभर तिकीट काढून बघायची जागा एक दिवस पुन्हा देऊळ होते. त्या दिवशी एकदा यायचंच, असं आजींनी त्याला तिथल्या तिथं कबूल केलं.

गावाच्या पुढं किनारा. जुना धक्का हा इथं होता. पुरीचा व्यापारी असो की कल्याणचा भाविक, तो इथं उतरायचा, आणि समोर काळ्या दगडाचा हत्ती उभा असायचा. मग चढण चढून देवळाला. आज सगळे पर्यटक बेटाच्या उलट्या अंगानं येतात, त्यामुळे पहिलं पाऊल कुठं पडायचं तेच विसरलं गेलं आहे. किनाऱ्यावर आता नांगरून ठेवलेल्या दोन होड्या, वाळत घातलेली जाळी, शंखशिंपल्यांचा खच आणि जुन्या विटांचे तुकडे. हत्तीची जागा दाखवणारी पाटीही कुठं दिसली नाही.

ताईंनी जुन्या नोंदींतली मापं सांगितली. हत्ती सुमारे चार मीटर लांब, सव्वादोन मीटर उंच. वास्तुकलेच्या मुलांनी एक काठी उचलली, ओल्या वाळूत चार मीटर मोजून रेघ ओढली, मग पाठ, पोट, चार पाय. सकाळी भायखळ्याला पाहिलेला आकार सगळ्यांच्या डोळ्यांपुढं होता, त्यामुळे चुकलं की दहा जण सांगत होते. गुरुजींनी कान मोठा करायला लावला. तेवढ्यात धक्क्याकडून शेवटच्या लाँचची वेळ झाल्याचा निरोप आला आणि गटानं काठी तशीच टाकून उतार चढायला सुरुवात केली. वळणावरून मागं पाहिलं तेव्हा गावातली तीन मुलं त्या रेघांभोवती वाकली होती, आणि त्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं काठी उचलून हत्तीची सोंड पुरी करायला घेतली होती.